हाकेला न येणारा कुत्रा

माझ्या देवघरात दत्तात्रेयांची एक जुनी तसबीर आहे. तिच्यात देवांच्या पायांशी चार कुत्रे बसलेले आहेत. पाठशाळेत शिकवीत असताना या चार कुत्र्यांचा अर्थ मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे, की हे चार वेद होत आणि ते देवाला सोडून कोठेही जात नाहीत. तास संपवून घरी आल्यावर पायरीवर एखादा कुत्रा पहुडलेला दिसला, तर तांब्यातले पाणी शिंपडून त्याला उठवीतही असे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत जाणवले नव्हते. कुत्र्याला मी तोपर्यंत जाणूनबुजून कधी स्पर्श केलेला नव्हता.

नव्वदचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. पंचवटीतल्या पाठशाळेतून मी निवृत्त झालो आणि आमच्या मंदिराच्या विश्वस्तांनी गिरणाऱ्याच्या वाटेवरचा गोठा माझ्याकडे सोपवला. गोठा लहानच. नऊ गाई आणि त्यांची वासरे, कमरेइतकी दगडी भिंत, वर पत्रे, एका अंगाला कालवा आणि दुसऱ्या अंगाला दूरवर पसरलेला ऊस. शंभर पावलांवर दोन खोल्या होत्या, त्यांत मी आणि माझी पत्नी राहू लागलो. देवाच्या अभिषेकाला घरच्याच गाईचे दूध असावे, असा माझ्या गुरूंचा आग्रह होता, आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांत मी त्यांना तसा शब्द दिला होता. म्हणून पहाटे स्नान करून, सोवळे नेसून, कपिला गाईची धार मी स्वतः काढी आणि ती पितळी चरवी पहिल्या एस.टी.ने मंदिरात पोचवी. त्या चरवीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे.

दुसऱ्या कोणाचा, म्हणजे खरे पाहता एकाच व्यक्तीचा. गोठ्याचे बाकी सगळे काम एक बाई करीत असे. ती पेठकडच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या टोळीबरोबर ती दरवर्षी खाली उतरे आणि पावसाच्या तोंडावर नागलीच्या पेरणीला परत जाई. एका वर्षी ती गोठ्यावर थांबली ती थांबलीच. गोठ्याच्या भिंतीला लागूनच तिची झोपडी होती. शेण, चारा, पाणी, आठ गाईंच्या धारा, वासरांची दुखणीखुपणी हे सारे तिच्याकडे. कपिलेची धार आणि देवाची चरवी तेवढी माझ्याकडे. असे का, हे तिने कधी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

पहिल्याच हिवाळ्याच्या आरंभी, दिवेलागणीच्या सुमारास, उसातून बिबट्या आला आणि काळ्या गाईचे अडीच महिन्यांचे वासरू उचलून घेऊन गेला. काळी तीन दिवस हंबरत होती. बाई त्या तीन दिवसांत तिच्याजवळून हलली नाही. ती गाईच्या गळ्याखाली हात फिरवीत बसे.

विश्वस्त येऊन पाहून गेले. गोवंशाची हत्या आपल्या दारात घडली, या विचाराने ते खरोखरच अस्वस्थ झाले होते. त्यांनी ठरवले, की आणखी एक वासरू गेले तर गोठा बंद करावा, गाई दूरच्या मोठ्या गोशाळेत पाठवाव्यात आणि अभिषेकासाठी डेअरीचे दूध आणावे. त्यांच्या बाजूने पाहिले तर यात काही चूक नव्हती. पण माझा गुरूंना दिलेला शब्द त्याबरोबर संपणार होता. आणि बाईचे तर घरच संपणार होते. "गाई गेल्या का मी परत टोळीत," ती माझ्या पत्नीला म्हणाली. "आता दिवसभर हात वर धरून द्राक्षाच्या मांडवाखाली उभं ऱ्हायाला अंग कुठं ऱ्हायलं, आई?"

कुत्र्याची सूचनाही तिचीच. "मोठं कुत्रं ठेवा, बाबा. आमच्याकडं कोंबड्या राखायला ठेवत्यात. हिथं तर गाई हायेत."

त्यावर पत्नीने आतून म्हटले, "अहो, चार वेद भिंतीवर बसवले आहेतच. पाचवा दारात आला तर काय बिघडेल?"

योग असा, की एकाच आठवड्यात दोन कुत्र्यांची वार्ता आली.

पहिली आणली एका सुभेदारांनी. ते देवळाली कॅम्पात तोफखान्यात होते, मूळचे गढवालचे, आणि दर सोमवारी अभिषेकाला येत. त्यांच्या क्वार्टरमागे त्यांनी आपल्या गावाकडून आणलेली भोटिया जातीची जोडी पाळली होती आणि त्या जोडीला पिल्ले झाली होती. मी पाहायला गेलो. त्या नराचे वर्णन करायचे तर मला आमच्या मंदिराच्या महाद्वारावरचा दगडी सिंहच आठवतो. काळाभोर, मानेभोवती आयाळ, भुवयांवर तांबूस ठिपके, शेपूट पाठीवर वळवून ठेवलेले. त्याची नजर अशी होती, की आपणच परवानगीवाचून आत आलो आहोत असे वाटावे.

"गुरुजी, आमच्या गावी हा बकऱ्यांबरोबर वर बर्फापर्यंत जातो," सुभेदार म्हणाले. त्यांचे मराठी बरेचसे हिंदीच्या आधाराने चाले. "बाघ आला तर मागे नाही हटत. पण एक बात सांगतो, लपवत नाही. गरमी ह्याला सहन होत नाही. मे महिन्यात हा मोरीतून बाहेर निघत नाही, आणि आमच्या घरवालीला आंघोळीसाठी ह्याची परवानगी लागते."

"खाणे, राहणे यांचे काही नियम?" मी विचारले.

"काही नाही. दोन वेळ रोटी आणि प्यार."

आम्ही बोलत असताना एक पिल्लू डुलत डुलत आले आणि माझ्या उजव्या पावलावर बसले. घरी जाऊन स्नान करावे लागणार, हा विचार मनात आला. तरी पाय मागे घेतला नाही.

दुसरी वार्ता शेजारच्या शेतातूनच आली. तिथला कांदा निघाला होता आणि शेतकऱ्याने नांदगावकडच्या धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवल्या होत्या. मेंढ्या रात्री ज्या शेतात बसतात त्याला लेंडीखत मिळते आणि धनगरांना त्याबद्दल धान्य मिळते. ते असे शेतामागून शेत करीत पश्चिमेला येतात आणि पावसाआधी परततात. तिथला कुत्रा मला प्रथम दिसलाच नाही, कारण तो मातीच्याच रंगाचा होता. उंच, बरगड्या मोजाव्यात इतका सडसडीत, एक कान फाटलेला, गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. मी मेंढ्यांभोवतीच्या जाळ्यापाशी गेलो तेव्हा तो भुंकला नाही. उठला आणि मेंढ्यांच्या व माझ्या मध्ये येऊन उभा राहिला. मी दोन पावले मागे आलो, तसा तो पुन्हा खाली बसला. माझ्याबद्दल त्याला याहून अधिक काही कुतूहल नव्हते.

त्या कळपाचे म्हातारे धनगर माझ्याहून वयाने थोडे मोठे असावेत. पिल्लू आहे का, असे विचारताच ते म्हणाले, "हाय. पर इकत नाय. आमच्या घरात कुत्रं इकत नाय. भंडाऱ्यावर हात ठिवून शब्द द्यायचा आन् न्यायचं."

"कसला शब्द?"

"पयली रात त्यानं गोठ्यात काढायची, वासराच्या पोटाशी. घरात घ्यायचं नाय. मांडीवर घ्यायचं नाय. नाव ठेवायचं नाय, हाक मारायची नाय. आन् गाईच्या सडाची पयली धार त्याच्या तोंडात. मंग त्ये गाईला आई म्हनतंय आन् वासराला भाऊ. भावाला कोन नेऊ दील?"

त्या हंगामात दुसऱ्या कोणत्याही गाईच्या सडाशी पिल्लू नेता आले नसते. वासरू गेल्यापासून काळी बिथरलेली होती आणि बाकीच्या अंगचोर, सडाशी परके कोणी आले की दूध चढवणाऱ्या होत्या. शांत स्वभावाची गाय एकच होती, आणि ती कपिला.

"तिचे दूध देवाचे आहे," मी म्हणालो.

"मंग देवाचीच गाय राखायची हाय ना?"

"सोवळ्याचे दूध आहे. कुत्र्याचे तोंड लागलेल्या सडाचे दूध मला देवाला नेता येणार नाही. शब्द देऊन मोडण्यापेक्षा मी तो देत नाही."

म्हातारबांनी भंडाऱ्याच्या बटव्याचे तोंड बांधले. त्यांना राग आलेला दिसला नाही. "भंडारा हातात घिऊन खोटं बोलनारे बी येत्यात, म्हाराज. तुमी खरं बोल्लात. बसा, गूळ खा."

अशा रीतीने मी निवड केली. त्या काळी कोणी विचारले असते, तर मी भोटियाचे गुण सांगितले असते. मोठा देह, मोठा आवाज, हिमालयातला जन्म. उन्हाळ्याचा दोष मी मान्य केला असता आणि त्यावर सावलीचा उपायही सांगितला असता. पण दोन कुत्र्यांची तुलना मी मनात केलीच नव्हती. ज्याच्यासाठी मला माझे काही सोडावे लागत नव्हते, तो कुत्रा मी घरी आणला.

पिल्लू आमच्या पडवीत राहू लागले. मी एक मर्यादा आखली. गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत त्याने जायचे नाही, कारण तिथे देवाची गाय आहे. त्याने ती मर्यादा दोन दिवसांत शिकून घेतली. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने नियम इतक्या लवकर आत्मसात केला नव्हता. सायंकाळी मी पडवीत संध्येला बसलो, की ते चार हात अंतरावर समोर येऊन बसे आणि संध्या पूर्ण होईपर्यंत हलत नसे. पत्नी म्हणे, "तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत हा एकच, की जो मंत्र चालू असताना झोपत नाही." मी त्याच्या स्पर्शानंतर स्नान करणे केव्हा सोडले, ते मला आठवत नाही. आधी स्नानाऐवजी हातपाय धुऊ लागलो, मग आचमन करू लागलो आणि मग तेही राहिले.

बाई मात्र अधूनमधून विचारी, "बाबा, हे कुत्रं गाईंसाठी आणलंय ना?"

"तो मोठा झाला की राखील," मी म्हणे.

तो मोठा झाला, आणि वैशाखात त्याचे फार हाल झाले. कालव्याच्या ओल्या काठावर तो दिवसभर धापा टाकीत पडून राही. ओले पोते त्याच्या अंगावर टाकताना मला अपराधी वाटे. संध्याकाळ झाली की मात्र तो उठे, अंग झटके आणि संध्येच्या वेळी समोर हजर होई.

भाद्रपदात, पितृपक्ष चालू असताना, बिबट्या पुन्हा आला. मी नुकताच संध्येला बसलो होतो. गोठ्याकडून बाईचा ओरडा आणि पत्र्याची बादली बडवल्याचा आवाज आला. मी उठलो. भोटिया माझ्याआधी उठला होता. त्याने अशी गर्जना केली, की पडवीचे पत्रे थरथरले. आणि मग तो माझ्या गुडघ्यांना आपली पाठ लावून आडवा उभा राहिला. मी उतरू लागलो, तर त्याने मला मागे रेटले. "जा, तिकडे जा," मी गोठ्याकडे हात केला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले, पुन्हा अंधारलेल्या वाटेकडे तोंड केले आणि जागचा हलला नाही. तोपर्यंत पत्नी मागच्या दाराने परात बडवीत गोठ्याकडे धावली होती.

बिबट्याने वासरू सोडले. बाईने त्या वासराचे मागचे पाय सोडले नव्हते, म्हणून ते वाचले. वासराच्या मानेवर दातांच्या खुणा होत्या आणि बाईचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला सिव्हिलला नेले. टाके घालून आणल्यावर मी तिच्या झोपडीच्या दाराशी उभा राहिलो. कुत्र्याविषयी मी काहीतरी कठोर बोललो असेन, कारण ती म्हणाली, "त्याला वाईट बोलू नका, बाबा. त्यानं त्याचं काम केलं. तुम्हाला कुठं खरचटलं बी नाय."

वासरू वाचले असल्यामुळे विश्वस्तांचा नियम अक्षरशः मोडला नव्हता. पण आता त्यात एका बाईचे रक्तही सांडले होते. गुढीपाडव्याला बसून शेवटचा निर्णय घेऊ, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या चेहऱ्यांवरून निर्णय झालाच आहे असे दिसत होते.

मार्गशीर्षात धनगर परत आले. मी स्वतः म्हातारबांना घेऊन आलो आणि कुत्रा दाखवला. त्यांनी त्याची छाती, पाय, जबडा हातांनी चाचपला. भोटियाने ते सहन केले, पण लक्ष माझ्याकडे ठेवले.

"लय नामी जनावर हाय," ते म्हणाले. "असं छातीचं कुत्रं माज्या उभ्या वाड्यात नाय."

"मग याने गाई का राखल्या नाहीत?"

"झोपतंय कुठं?"

"माझ्या उंबऱ्यावर."

म्हातारबांनी उंबऱ्याकडे पाहिले. "मंग त्यानं उंबराच राखला की. आन् चोख राखला."

आता त्याला गोठ्यात ठेवले तर, असे मी विचारले. वर्षाचा झाला, त्याने आपला जीव कुठे लावायचा ते ठरवून टाकले आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी आपणहून एक गोष्ट पुढे ठेवली. त्यांच्या कुत्रीला तीन आठवड्यांचे एकच पिल्लू होते. पिल्लू मोठे व्हायला वर्ष लागेल, पण पिल्लासकट आईच गोठ्यावर ठेवली तर ती आतापासून राखील आणि पिल्लू तिचे पाहून शिकेल. ती गाईंच्या खिल्लारातही राहिलेली होती. पावसाआधी परतताना ते तिला घेऊन जातील. "पर शब्द त्योच," ते म्हणाले.

मी एका दिवसाची मुदत मागितली.

त्या दिवशी दुपारी मी जुनी पोथी काढली नाही; तिची गरज नव्हती. शुद्धीचा विचार करताना शास्त्रकारांनी, दूध काढतेवेळी वासराचे मुख शुद्ध मानले आहे. हे मी पाठशाळेत असंख्य वेळा सांगितले होते आणि त्यावर छान विवेचन करीत असे. तिथेच, त्याच श्वासात, आपले काम करीत असलेल्या कुत्र्याचे मुखही शुद्ध मानले आहे. ते वचन शिकारीपुरते आहे, हे मला ठाऊक होते. तरी इतकी वर्षे त्यावरून मी घाईने पुढे का जात आलो, याचे उत्तर मला देता येईना. तसबिरीतले चार कुत्रे वर होतेच.

संध्याकाळी मी गोठ्यात गेलो. बाई एका हाताने वैरण टाकीत होती. दुसऱ्या हाताला अजून जोर नव्हता. मी तिला धनगरांचा शब्द सांगितला आणि माझी अडचण सांगितली.

ती वैरण टाकता टाकता म्हणाली, "माझ्या हाताचं दूध देवाला चालत नाय, मंग कुत्र्याच्या तोंडाचं कसं चालंल, त्याचाच इचार पडलाय ना, बाबा?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. असता, तर मला बोलायला काही सुचले असते. माझी अडचण तिने मला नीट मांडून दाखवली होती, इतकेच. कपिला माझ्या उपरण्याचे टोक चघळीत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून मी धनगरांच्या तळावर गेलो. भंडाऱ्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. म्हातारबांनी माझ्या कपाळी तो पिवळा भंडारा लावला, माझ्या गंधावरच, आणि पिल्लू माझ्या सोवळ्याच्या ओच्यात घातले. कुत्री मागोमाग आली.

गोठ्यात एक व्यावहारिक अडचण निघाली. पिल्लू सारखे वळवळत होते. त्याला दोन्ही हातांनी धरावे लागे, आणि मग धार कोण काढणार? मी बाईकडे पाहिले. "सड तुम्ही दाबा," म्हणालो.

तिने आपल्या हातांकडे पाहिले. मग हौदापाशी जाऊन ते धुतले. परत आली, पुन्हा गेली आणि पुन्हा धुतले. कपिलेपाशी बसून तिने उजव्या हाताने पहिली धार पिल्लाच्या तोंडात सोडली. पिल्लाचे डोळे, नाक, मिशा, सगळे दुधाने भरले आणि ते शिंकले. बाई हसली. त्या वर्षात मी तिला प्रथमच हसताना पाहिले. मी पिल्लू काळ्या गाईच्या नव्या वासराच्या पोटाशी ठेवले. मग देवाची चरवी उचलली आणि बाईच्या गुडघ्यांशी ठेवली. तिने ती जवळ ओढली. चरवी भरून दिली.

ते दूध मी पहिल्या एस.टी.ने मंदिरात नेले. अभिषेक रोजच्यासारखा झाला. विश्वस्तांना मी हे त्या वेळी सांगितले नाही. आज लिहितो आहे, तेव्हा त्यांतले बहुतेक देवाघरी गेले आहेत, आणि ज्यांना शब्द दिला होता ते माझे गुरूही त्यांना तिथे भेटले असतील. मला जो जाब विचारायचा तो सगळे मिळून विचारतील.

माघात एका सायंकाळी मी पडवीत बसलो असता भोटिया गुरगुरू लागला. मी उठून पाहिले. उसाच्या कडेला बिबट्या बसला होता, मांजर उन्हाला बसावे तसा निवांत. गोठ्याच्या भिंतीच्या खिंडारात धनगरी कुत्री उभी होती. तिच्यामागे वासरे, आणि वासरांत ते पिल्लू. ती पुढे धावली नाही, भुंकलीही नाही. बिबट्याने जागा बदलली, तशी तिनेही बदलली. आम्ही दोघे, मी आणि भोटिया, इकडून पाहत राहिलो. काही वेळाने बिबट्या उठला आणि उसात शिरला. सकाळी बाईने मला भिंतीपासून दहा पावलांवर उमटलेले ठसे दाखवले. तेथून ते मागे वळले होते.

पाडव्याला विश्वस्त आले. वासरे सगळी होती, शिवाय एक नवे होते. त्यांतल्या ज्येष्ठांनी बाईला विचारले, की हे कसे साधले. तिने बोट दाखवले आणि म्हणाली, "त्या बाईला इचारा." कुत्रीने विश्वस्तांना पुढे येऊ दिले नाही, ते भिंतीबाहेरूनच गोठ्याला नमस्कार करून परतले. पुन्हा गोठा बंद करण्याची गोष्ट निघाली नाही.

भोटियाविषयी लिहायचे मी लांबणीवर टाकीत आलो आहे. त्या वैशाखात तो जेवेनासा झाला. सुभेदार तेव्हा निवृत्त होऊन गावी निघाले होते. ते निरोप घ्यायला आले, त्याला पाहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गुरुजी, नेऊ का ह्याला? तिकडे थंडी आहे." मी हो म्हणालो. देवळालीच्या स्टेशनवर गार्डाच्या डब्यात त्याला चढवताना त्याने जराही विरोध केला नाही. मी सांगितलेली गोष्ट त्याने कधी मोडली नव्हती, तीही मोडली नाही. डब्याच्या दारातून तो माझ्याकडे पाहत होता. माझ्या मागे कोणी येत तर नाही ना, हेच तो पाहत असावा.

हिवाळ्यात सुभेदारांचे पत्र आले, ते त्यांनी गावातल्या मास्तरांकडून मराठीच्या जवळ जाणाऱ्या हिंदीत लिहवून घेतले होते. तब्येत सुधारली आहे, बर्फात लोळतो. बकऱ्यांबरोबर जात नाही. दिवस मावळताना दाराशी येऊन बसतो, थोडा वेळ तसाच बसून राहतो आणि मग उठून जातो. कशासाठी बसतो ते कळत नाही, असे त्यांनी लिहिले होते. ते मला कळले.

पावसाआधी म्हातारबा आपली कुत्री घेऊन गेले. पिल्लू राहिले. ते वाढून आपल्या आईसारखेच मातकट आणि उंच झाले आणि पुढे नव्या शतकातही कित्येक वर्षे त्याने तो गोठा राखला. मी त्याला नाव ठेवले नाही. मांडीवर घेतले नाही. हाक मात्र एकदा मारली. सुभेदारांचे ते पत्र वाचून झाल्यावर मी गोठ्यात गेलो होतो, आणि शब्द दिलेला आहे हे आठवत असूनही, हलक्या आवाजात मी त्याला "ये" म्हणालो. त्याने मान उचलून माझ्याकडे पाहिले. मग ती पुन्हा वासराच्या पाठीवर टेकवली.

बाई कपिलेची धार काढीत होती. चरवी भरली, तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला बाबा, गाडी चुकंल."